हंगाम कुणाच्या ताटात?

(बीड येथे महिलांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शाकाहार आणि हंगामी आहार यावर बोला, असं मला सांगितलंय. शहरांत सध्या मांस कमी करा, झाडपाल्याचं खा, असा सल्ला जोरात आहे. पण आपल्या वस्तीत मांस खातं कोण आणि किती? भाकरी, ठेचा, पातळ वरण. मटण ईदला, नाहीतर पाहुणे आले तर. म्हणजे सल्ल्याआधीच आपण तो पाळतोय, नाइलाजानं.

शाकाहाराला माझा विरोध नाही. आपल्या घरातली खिचडी-खट्टा घ्या. मसुराची डाळ, तांदूळ, वर तीळ-चिंचेचा खट्टा. धान्य आणि डाळ एकत्र आली की एकाची उणीव दुसरी भरून काढते. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी तर आपल्या आणि शेजारच्या घरात एकच. पण बी-१२ हे जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही. सधन शाकाहारी घरात दूध, दही, पनीर असतं. गरिबाच्या ताटात मांसही नाही आणि दूधही नाही. दोघांनाही आपण शाकाहारीच म्हणतो, हीच गफलत आहे.

मार्च २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. त्यावर धर्माची चर्चा खूप झाली. मुसलमान आणि दलित घरांतलं स्वस्त प्रथिन गेलं, याची फारशी झाली नाही. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजायचं, ते त्यात आहे. जरूर वाचा. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्याला केळी. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचा वेगळा निधी बंद केला. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिन असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानानं कमी आहे आणि निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. हे माहीत असूनही अंड्यावर कात्री.

आता हंगामाचं. आपल्या भागात खाण्याचा सुकाळ कधी? हरभऱ्याचा पाला, तुरीच्या ओल्या शेंगा, हुरडा, बोरं, वेळ अमावस्येची भज्जी. सगळं डिसेंबर ते फेब्रुवारीत. आणि आपल्या जिल्ह्यातले कोयते तेव्हा कुठे असतात? दसरा-दिवाळीनंतर उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. पहाटे तीन-चारला उठून बाई भाकरी थापते, तीच दुपारी फडात थंड खाल्ली जाते. बैलांना निदान उसाचे वाढे हिरवे मिळतात. ज्याला घरी राहता येतं, त्याचाच हंगाम, बाकीच्यांना फक्त ऊसतोडीचा.

पावसाळ्यात हीच माणसं गावात असतात. तेव्हा तांदुळजा, घोळ, कुरडू, पाथरी फुकट मिळायची. खुरपायला गेलेली बाई ओटीत भाजी घेऊन यायची. आता सोयाबीनवर तणनाशक मारतात. भाजी गेली आणि खुरपणीची मजुरीही गेली. सोयाबीन तरी आपण खातो का? तेल निघतं, आणि प्रथिन असलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते.

रेशनवर जानेवारी २०२३ पासून गहू-तांदूळ फुकट आहेत, हे चांगलंच. पण ज्वारीच्या मुलखात ज्वारी द्या आणि तिच्यासोबत दरमहा तूरडाळ द्या, ही मागणी आपण केली पाहिजे. अंड्याचा निधी परत द्या, हीसुद्धा. अंडं नको असेल त्यानं खाऊ नये, दुसऱ्याच्या मुलाच्या ताटातून काढू नये.

एक काम मात्र आपल्या हातात आहे. रेशनकार्ड आता कुठल्याही गावच्या दुकानात चालतं, पण आधार जोडलेलं लागतं, आणि एका माणसाचं नाव राहिलं तर त्याचं पाच किलो गेलं. म्हणून दसऱ्याच्या आधी आपल्या गल्लीतल्या, तांड्यावरच्या प्रत्येक ऊसतोड कुटुंबाचं कार्ड तपासू. मुलांची नावं आहेत का, अंगठा लागतो का, कारखान्याजवळ दुकान कुठे आहे. आणि मुलं मागे आजीपाशी राहणार असतील, तर अंगणवाडीताईला त्यांची नावं आधीच देऊन ठेवू. याद्या करायला आजपासून कोण येतंय, त्यांनी हात वर करा.