282 गुणांची गुणपत्रिका
(महोत्सवाच्या शिष्यवृत्ति-वितरण समारंभातील भाषण)



शिष्यवृत्ति-समितीच्या वतीने चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीस 60 टक्क्यांची अट आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. ती घातली तेव्हा 60 टक्के म्हणजे हुशारीची खूण समजत. हल्ली 90 टक्के मिळविणाऱ्या मुलाची आईदेखील पेढे वाटताना जरा संकोचते! तरीही दरवर्षी काही अर्ज या अटीवर अडतात. आम्ही ते बाजूला ठेवतो आणि पुढला अर्ज घेतो. यंदा मात्र हात थांबला. का थांबला, ते सांगतो.

मुंबईस बोरीबंदरापासून जवळच एल्फिन्स्टन हायस्कूल आहे. ही सरकारी शाळा. गेल्या शतकाच्या आरंभी कागदोपत्री तिचे दार सर्वांस उघडे होते. पण शाळा सरकारी म्हणून वर्गात सारा समाज बसला होता, असे मात्र नव्हे. 1882 साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते, की सारा शेतकरी भरतो आणि शिक्षण वरिष्ठ वर्गाच्या मुलांस मिळते. अशा शाळेतून 1907 साली एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. गुण 750 पैकी 282. टक्केवारी काढली तर 37.6 येते. हा विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

आमच्या समितीपुढे तो अर्ज आला असता तर आम्ही तो पाच मिनिटांत नाकारला असता. हे बोलताना आम्हांला बरे वाटत नाही, पण खरे आहे ते आहे.

त्या 282 गुणांच्या मागे काय होते, ते पाहू. परळच्या चाळीतली एक खोली. स्वयंपाक तिथेच, सरपण तिथेच, निजणेही तिथेच. मुलाच्या उशाशी जाते आणि पायाशी शेळी! वडील रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलास उठवून त्याच्या जागी स्वतः आडवे होत. आणि मुलगा मिणमिणत्या दिव्याशी अभ्यासास बसे. शाळेत दुसरी भाषा म्हणून त्यांस संस्कृत हवे होते. ते शिकविण्याचे नाकारले गेले, म्हणून फारसी घ्यावी लागली. एकदा शिक्षकांनी गणित सोडविण्यास फळ्याकडे बोलाविले, तर वर्गात गलका उडाला. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे होते, ते आधी हलविण्यात आले आणि मग या मुलास फळ्याला हात लावता आला. या गोष्टींचा रकाना गुणपत्रिकेत नसतो.

आता ज्यांनी त्या 282 पलीकडे पाहिले, त्यांच्याविषयी. गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी मुलास हेरले होते. त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, आणि आपल्या या बडोद्याच्या दरबारातून महिना 25 रुपये सुरू झाले. ते बी.ए. झाल्यावर 1913 साली महाराजांनीच त्यांस कोलंबिया विद्यापीठात धाडले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. 1906 साली आपल्या साऱ्या राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणारा हा राजा. दाराशी आलेल्या मुलाचे घर कसे आहे, याची त्यांस कल्पना होती.

इथे थांबलो असतो तर आपण सारे अभिमानाने घरी गेलो असतो. पण करारापोटी नोकरी करण्यास तेच विद्वान गृहस्थ 1917 साली या शहरात आले, तेव्हा त्यांस राहावयास घर मिळाले नाही. पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले, आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. आपल्या समाजाची घरे त्या काळी या शहरात काही कमी नव्हती. म्हणजे पैसे राजाने दिले. जागा देण्याची पाळी आपली होती.

समितीत यावर पुष्कळ वाद झाला. अट काढली तर गुणवत्तेचा मान राहात नाही, असे काही सभासदांचे म्हणणे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ज्या मुलीने रात्री जागून 92 टक्के मिळविले, तिला आम्ही काय सांगावे? शेवटी असे ठरले, की अट ठेवावी, पण शिष्यवृत्तींपैकी एक तृतीयांश तिच्याबाहेर काढाव्यात. त्या अर्जदारांच्या घरी समितीचे दोन सभासद स्वतः जातील. अर्ज कोणत्या जातीचा, कोणत्या भाषेचा, हे पाहिले जाणार नाही. ट्रस्टच्या घटनेतील ‘समाजातील’ हा शब्द त्यासाठी सैल करावा लागेल, आणि तो ठराव सर्वसाधारण सभेपुढे येईल. त्या दिवशी घरी बसून मग तक्रार करू नये, ही विनंती.

यंदाच्या अर्जात दोन रकाने वाढविले आहेत. घरात खोल्या किती, आणि या विद्यार्थ्याच्या आधी घरात शाळेची शेवटची परीक्षा कोण उत्तीर्ण झाले. पालकांनी संकोचाने ते कोरे ठेवू नयेत. ‘कोणी नाही’ असे उत्तर असेल, तर तसेच लिहावे. अर्ज कार्यालयात चिटणीसांकडे मिळतील.