थंडीचा वारसा

अमेरिकेच्या पूर्व भागात, मेनपासून दक्षिणेकडे जॉर्जियापर्यंत, डोंगराडोंगरांतून एके काळी चेस्टनटची राने पसरलेली होती. काटेरी कवचात वाढणारे त्याचे गोड फळ माणसांना, अस्वलांना आणि खारींना सारखेच प्रिय असे. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील चेस्टनटवर आशियातून आलेली एक बुरशी आढळली. ही बुरशी सालीत शिरते आणि खोडाला वेढून वरच्या भागाचे पोषण तोडते. पुढील सुमारे पन्नास वर्षांत अंदाजे ३०० ते ४०० कोटी झाडे तिने संपविली. मुळे मात्र अनेक ठिकाणी जिवंत राहिली. त्यांतून आजही धुमारे फुटतात. पण फुलावर येण्यापूर्वीच बहुतेकांना तो रोग पुन्हा गाठतो.

हा वृक्ष परत आणण्याच्या हेतूने १९८३ मध्ये अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. चिनी चेस्टनट या बुरशीला बऱ्याच अंशी दाद देत नाही. त्याच्याशी संकर करून, ती संतती पुन्हापुन्हा अमेरिकन झाडाशी जुळवून, रोगाला पुरून उरणारा वाण निपजविण्याचा उद्योग सुरू झाला. परंतु रोगातून वाचलेले रोप उत्तरेच्या हिवाळ्यातून वाचेल काय?

व्हरमाँटमधील वनशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा मागोवा घेतला. निरनिराळ्या प्रदेशांतील बियांची रोपे एकाच जागी लावली, की माती एक आणि थंडी एक. मग रोपारोपांत दिसणारा फरक बव्हंशी वंशाचा ठरतो. डहाळ्यांचे तुकडे प्रयोगशाळेत टप्प्याटप्प्याने गोठवून पाण्यात ठेवतात. इजा झालेल्या पेशींतील क्षार पाण्यात उतरतात, आणि त्या पाण्यातून वीज किती वाहते यावरून इजेचे मान कळते. उष्ण दक्षिणेकडील कुळांना थंडी अधिक बाधते, उत्तरेकडील कुळे तिला अधिक तोंड देतात, असे दिसून आले. उत्तरेच्या हिवाळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुबळी रोपे वगळली आणि तगली त्यांचाच वंश पुढे चालला, हे त्यामागील कारण.

म्हणूनच फाउंडेशनच्या शाखा संकरासाठी आपापल्या प्रदेशातील रानटी झाडे शोधतात. रोगाचा प्रतिकार बाहेरून आणता येईल. त्या त्या भूमीचा हिवाळा सोसण्याचे बळ मात्र तेथल्या झाडांतच साठलेले आहे. फुलावर न येताच मुळासकट मरणाऱ्या प्रत्येक झाडाबरोबर त्या वारशाचा एकेक अंश कायमचा नाहीसा होत असतो.