माथ्यावरचं ओझं आणि वाढतं वय

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या बचत गटांच्या महिला व आशाताई यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



सकाळी चहाच्या वेळी झालेल्या एका बोलण्यापासून सुरुवात करते. कॉलेजात शिकणारी आपली एक मुलगी सांगत होती की, व्यायामशाळेत मुलगे बाकावर उताणे झोपतात आणि दोन्ही टोकांना चकत्या लावलेला लोखंडी दांडा छातीवरून वर ढकलतात. त्याला बेंच प्रेस म्हणतात, आणि त्यासाठी ते दरमहा पैसे भरतात. हे ऐकून शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पैसे भरून ओझी उचलतात? माज्याकडं पाठव त्यांना. फुकटात उचलू दे." आपण सगळ्या हसलो. पण आज मला जे मांडायचं आहे ते मावशींनी तेवढ्यात मांडून टाकलं होतं.

तो मुलगा वजन उचलतो, मावशीही उचलतात. त्याची ताकद वाढते. मावशींनी चाळीस वर्षं वजन उचललं आणि त्यांची मान, कंबर, गुडघे गेले. असं का व्हावं? वजन तर वजनच आहे.

फरक वजनात नाही, उचलण्याच्या परिस्थितीत आहे. आपण किती किलो उचलतो हे त्या मुलाला ठाऊक असतं. तो थोड्या वजनाने सुरू करतो आणि हळूहळू वाढवतो. एक दिवस उचललं की त्या स्नायूंना एक-दोन दिवस विश्रांती देतो, कारण स्नायू भरून येतात ते विश्रांतीत. तो डाळ, अंडी, दूध खातो. ताप आला तर घरी राहतो. आणि जड वजन असेल तेव्हा त्याच्या डोक्यामागे एक जण उभा असतो, दांडा छातीवर अडकला तर धरायला.

आता आपलं पाहा. मागच्या शिबिरात आपण दुकानातला वजनकाटा मागून आणला होता, आठवतं? भरलेला हंडा म्हणजे पंधरा लिटर पाणी, पंधरा किलो. वर कळशी, आणि भांड्यांचं वजन वेगळंच. एका ताईंची मोळी ३२ किलो भरली. त्यांचं स्वतःचं वजन होतं ४१. काट्याकडे बघून त्या म्हणाल्या, "ही तर आज हलकी बांधलीय." उन्हाळ्यात राबासाठी टहाळ आणि शेणाच्या पाट्या, पावसात आवणीची रोपं, दिवाळीच्या सुमारास भाताचे भारे. पुढे ज्या भट्टीवर जातात त्यांच्या डोक्यावर विटा. एक वीट साधारण तीन किलोंची धरली तर दहा विटांचे तीस किलो, आणि अशा खेपा दिवसभर. यात विश्रांतीचा दिवस कुठला? बाळंतपण झालं तर सव्वा महिना, तोही ज्यांना मिळतो त्यांना.

ओझ्याला मर्यादा असावी हे कायद्याने पूर्वीच मान्य केलं आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमात, इजा होईल इतकं वजन कुणालाही उचलायला लावू नये असं म्हटलं होतं आणि किती वजन चालेल ते ठरवायचा अधिकार राज्यांना दिला होता. बऱ्याच राज्यांच्या नियमांत प्रौढ बाईसाठी तीस किलोंची मर्यादा होती. पण ती कारखान्याच्या दारात. जंगलाच्या वाटेवर आणि विहिरीवर निरीक्षक येत नाही.

'माथाडी' हा शब्द आपल्याला माहीत आहे. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईतल्या माथाडींची संघटना बांधली, आणि महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली. शंभर किलोंचं पोतं पन्नासावर आणा, ही मागणी हमालांच्या संघटनांनी लावून धरली. ओझं हे नशीब नाही, ते ठरवता येतं, कमी करता येतं, हे त्या पुरुषांनी दाखवून दिलं. आपण तर पिढ्यान् पिढ्या माथ्यावर वाहतोय. आपल्याला माथाडी कुणी म्हटलं नाही, कारण आपल्या ओझ्याला मजुरी नाही.

आता वयाबद्दल. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर ते जास्त वेगाने होतं. पाळी गेली की बाईची हाडं भराभर विरळ होतात. पाठीचे मणके दबतात, उंची कमी होते, बाई वाकते. घसरून हात टेकला तरी मनगट मोडतं. त्यात आपलं रक्त आधीच कमी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तपांढरी आढळली. म्हणजे अंगात बळ कमी होत जातं आणि हंडा मात्र तेवढाच राहतो. लोखंड उचलण्याच्या स्पर्धांमध्ये चाळिशीच्या पुढच्यांचा गट वेगळा असतो, पन्नाशीचा वेगळा, साठीचा वेगळा. आपल्याकडे वीस वर्षांच्या सुनेचा आणि साठ वर्षांच्या सासूचा हंडा एकच.

पण "वय झालं, आता काही होणार नाही" हेही खरं नाही. अमेरिकेत बोस्टनच्या वृद्धाश्रमात मारिया फिआटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला. पुरेसं वजन, हळूहळू वाढवत, देखरेखीखाली. १९९० साली त्यांनी निष्कर्ष छापले. पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. नव्वदीतही स्नायू ऐकतो. त्याला बेताचं ओझं, विश्रांती आणि अन्न लागतं.

आता एक गोष्ट सांगते, ती माझ्या चुकीची आहे. एम.एस.डब्ल्यू. करून मी नवीनच कामाला लागले होते. एका पाड्यावर पन्नाशीच्या एक बाई होत्या. चार वर्षं त्यांचं अंग बाहेर येत होतं. फडकं बांधून त्या पाणी भरत होत्या, घरात कुणाला सांगितलं नव्हतं. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, तेव्हा ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता आणि आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. १९८९ साली हे जगापुढे आलं. मी ते पुस्तकात वाचलं होतं, इथे समोर पाहिलं. मी धावपळ केली, बाईंचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जड उचलायचं नाही. मी ते बाईंना दोनदा समजावून सांगितलं आणि काम झालं असं समजून निघून आले.

पंधराव्या दिवशी त्या विहिरीवर होत्या. मी रागावले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, तू मला सांगितलंस. घरात कुणाला सांगितलंस का?" घरी नवरा होता, दोन धडधाकट मुलगे होते, दारात मोटारसायकल होती. त्यातल्या एकाशीही मी बोलले नव्हते. वर्षभरात त्यांचा त्रास परत सुरू झाला. तेव्हापासून 'जड उचलू नका' एवढंच लिहिलेला तक्ता मी कुठल्याही पाड्यावर लावलेला नाही.

म्हणून आज दोन याद्या करू. पहिली आपल्या अंगाची. ओझं उचलताना गुडघ्यात वाका, ओझं पोटाशी धरा, उचलताना कंबर पिळू नका. श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. कोंडलेल्या श्वासाने ओटीपोटावर दाब येतो. एक मोठी मोळी बांधण्यापेक्षा दोन लहान बांधा. डोक्यावर घेताना एकटीने घेऊ नका, दुसरीने हात लावायचा. व्यायामशाळेत मागे उभा राहणारा माणूस आपल्याकडे पूर्वीपासून आहे, तो म्हणजे आपली शेजारीण. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते एरवी बसल्या जागी आवळायचे, पाच मोजायचे, सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा.

आणि ज्यांचं ओझं सुटलंय, ज्या आता घरी बसतात, त्यांच्यासाठी आपला बेंच प्रेस. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहायचं, तळवे छातीच्या उंचीवर टेकायचे, कोपरं वाकवून भिंतीजवळ जायचं, ढकलून परत. दहा वेळा, एक दिवसाआड. जमायला लागलं की भिंतीऐवजी ओट्याची कड. ओझं वाहून मान ताठ होते, पण ढकलण्याची ताकद येत नाही, आणि पडलेल्या बाईला जमिनीवरून उठायला तीच लागते. तसंच ओट्यावरून हात न टेकता उठायचं, बसायचं. ज्या रोज ओझी वाहतात त्यांना आधी विश्रांती, मग व्यायाम. पाठीतून पायात मुंग्या उतरत असतील, लघवी सुटत असेल, अंग बाहेर येत असेल, तर सहन करू नका, आशाताईंना सांगा. आणि नाचणी, डाळ, सुकट, अंडं, जे असेल ते पुरुषांच्या पानात वाढाल तेवढंच स्वतःच्या पानात वाढा.

दुसरी यादी घराची आणि गावाची. तानसा १८९२ चं, मोडकसागर १९५७ चं, मग भातसा, मग मध्य वैतरणा. आपल्या परिसरात अडवलेलं पाणी मुंबईतल्या इमारतींच्या वरच्या मजल्यांपर्यंत चढतं, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. घराजवळ पाणी ही आपली पहिली मागणी. ती पुरी होईपर्यंत विहिरीपाशी आणि वाटेत कमरेइतक्या उंचीचे कट्टे ग्रामपंचायतीने बांधावेत, म्हणजे हंडा जमिनीवरून उचलावा लागणार नाही. त्याला फार पैसा लागत नाही, ठराव लागतो. सिलिंडर भरायला पैसे नसले की मोळी परत डोक्यावर येते, हेही ग्रामसभेत बोलायचं. आणि घरात मुलग्याच्या हातात कळशी द्यायची. सायकलला, मोटारसायकलला कॅन लागतो, त्याने कुणाची अब्रू जात नाही.

घरी गेल्यावर एक काम करा. गटाचा काटा पाळीपाळीने न्या. आपला हंडा, आपली मोळी घरातल्या सगळ्यांसमोर मोजा आणि आकडा मोठ्याने सांगा. पुढच्या बैठकीत मी तेवढंच विचारणार आहे, आकडा किती आला आणि तो ऐकून घरात कोण उठलं.