खाऊच्या पुड्यापलीकडे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत राइट टाउन येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी गाणे, नाटक आणि सत्कारसमारंभ यांच्या जोडीला निराधार बालकांविषयीही दोन शब्द ऐकावेत असे आपल्या कार्यकारिणीस वाटले, याबद्दल मी तिचे मनःपूर्वक अभिनंदन करतो.

नाताळ जवळ आला की आपल्या शहरातील चर्चची मंडळी गाणी गात, खाऊ व गरम कपडे घेऊन बालगृहांत जातात. आपल्यापैकी अनेक कुटुंबे पितृपक्षात किंवा मुलांच्या वाढदिवशी हेच करतात. धर्म निराळा, रीत निराळी. पण आतली कणव एकच. महोत्सवाच्या निमित्ताने मंडळानेही अशी एक भेट योजिली आहे. तिचे स्वागत करूनच मी एक प्रश्न विचारणार आहे : या भेटीतून त्या मुलाला काय मिळते आणि आपल्याला काय मिळते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला फार दूर जावयास नको. १८९६-९७ साली मध्य प्रांतावर भीषण दुष्काळ कोसळला. जबलपूरच्या आसपासचा मुलूखही त्यातून सुटला नाही. त्या वेळी पुण्याहून एक मराठी विदुषी या प्रांतात आली. तिचे नाव पंडिता रमाबाई. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. १८७४ साली अशाच उपासमारीत त्यांचे मातापिता मृत्यू पावले होते. सरकारने उघडलेली आश्रयस्थाने त्यांनी स्वतः पाहिली. तेथील मुलींची दैना पाहून त्या नुसत्या हळहळल्या नाहीत, की नाणी वाटून परतल्या नाहीत. तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया त्यांनी आपल्याबरोबर नेल्या.

आता पुढचे पाहा. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा कहर सुरू झाला होता. एवढ्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची व्यवस्था करण्यात आली आणि तेथूनच ‘मुक्ती’चे कार्य उभे राहिले. मुली लिहावाचावयास शिकल्या, विणू लागल्या, शेतात राबल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू झाले. सारांश, रमाबाईंची या प्रांतातील भेट काही दिवसांची होती. पण तिचे उत्तरदायित्व त्यांनी १९२२ साली मृत्यू येईपर्यंत वाहिले.

रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, आणि १८९३ साली शारदा सदनातील धर्मशिक्षणावरून पुण्यात मोठा वाद माजला, हे आपण जाणता. अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. रानडे व भांडारकर यांनीही सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. हा वाद पोकळ नव्हता. ज्याच्या हाती अन्न आहे, त्याने भुकेल्याच्या श्रद्धेला हात घालावा काय, हा प्रश्न आजही खरा आहे. आपण देवाचे नाव घेऊन गेलो तरी तो आपल्यालाही लागू पडतो. मुलाने आपली आरती म्हटली तरच लाडू, ही अटही तितकीच अनुचित होय. परंतु वादाचा निकाल काहीही लावला, तरी दुष्काळात त्या मुलींना घेऊन जावयास कोण आले, हे विसरता येत नाही.

ही परंपरा एकट्या ख्रिस्ती समाजाची नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंनी देह ठेवला. पंढरपूरला प्रार्थना समाजाने १८७५ साली बालकाश्रम स्थापन केला. अलीकडे सिंधुताई सपकाळ यांनी २०२२ साली निधन होईपर्यंत शेकडो निराधारांना आईचे नाव दिले. या सर्वांत एक गोष्ट समान दिसते. यांपैकी कोणीही मुलांकडे पाहुणा म्हणून गेले नाही.

आता आपल्याकडे वळू. बालगृहात राहणारे प्रत्येक मूल मातापितृहीन असते असे नाही. कित्येकांची आई हयात असते. दारिद्र्य, आजार किंवा घरातील कलह यांमुळे तिने मूल तेथे ठेवलेले असते. अशा मुलासमोर वर्षातून एकदा नटूनथटून आलेली माणसे उभी राहतात, त्याच्याकडून गाणे म्हणवून घेतात, खाऊ देतात, छायाचित्र काढतात आणि जातात. पुढच्या वर्षी दुसरी माणसे येतात. लहान मूल पटकन जीव लावते. वारंवार जीव लावून वारंवार तोडण्याची ही सवय त्याला कशी सोसावी?

कायद्यानेही हा विचार केला आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार अशा मुलांची ओळख पटेल असे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. म्हणून भेटीच्या वेळी मुलांच्या रांगा उभ्या करून छायाचित्रे काढण्याचा मोह आपण आवरलाच पाहिजे. आपल्या स्मरणिकेतही असे छायाचित्र नसावे.

मग काय करावे? माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, जाण्यापूर्वी अधीक्षकांना विचारावे की उणीव कशाची आहे. पेढे एकाच दिवशी चार ठिकाणांहून येतात. साबण, चष्मे, शाळेच्या वह्या, दंतवैद्याची फी यांची आठवण कोणाला होत नाही. दुसरी, भेट एकदाच न ठेवता दर आठवड्यास दोन-दोन सभासदांनी गणित वा भाषा शिकवावयास जावे आणि तीच माणसे निदान वर्षभर जात राहावीत. आपल्या मंडळात सेवानिवृत्त शिक्षक, अभियंते व बँकेतील अधिकारी पुष्कळ आहेत. त्यांच्याजवळ वेळ आहे आणि विद्याही आहे. तिसरी सूचना माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. अठरा वर्षे पुरी होताच मुलाला बालगृह सोडावे लागते. त्यानंतरच्या साहाय्याची तरतूद कायद्यात आहे. पण खोली भाड्याने घेताना ओळखीचा माणूस, नोकरीच्या अर्जावर हवे असलेले नाव, दिवाळीला जावयाचे घर, हे कोणता कायदा देणार? ते मंडळ देऊ शकते.

येथेच आपल्या मराठीपणाचा संबंध येतो. नोकरीसाठी वा व्यापारासाठी आपले पूर्वज या नर्मदाकाठी आले, तेव्हा त्यांनाही येथे कोणी आपले नव्हते. नव्याने आलेल्या मुलाला जेवावयास बोलावणारे, खोली पाहून देणारे, साहेबांकडे शब्द टाकणारे कोणीतरी मराठी घर असे. परमुलखात माणसाला माणूस लागते, या अनुभवातूनच मंडळे उभी राहिली. अठराव्या वर्षी बालगृहाच्या दारातून बाहेर पडणारा मुलगा आपल्याच गावात परमुलखात असतो. जे आपल्याला मिळाले तेच त्याला द्यावयाचे आहे. मग त्याची मातृभाषा मराठी असो, हिंदी असो वा गोंडी.

पन्नास वर्षांत मंडळाने गणेशोत्सव व नाट्यप्रयोग निष्ठेने केले. एक्कावन्नाव्या वर्षी कार्यकारिणीने एका बालगृहाशी निदान पाच वर्षांचे नाते जोडण्याचा ठराव करावा आणि त्याचा हिशेब दर वार्षिक सभेत मांडावा, अशी माझी नम्र विनंती आहे. खाऊचा पुडा अवश्य न्यावा. मात्र तो देताना पुन्हा कधी येणार हे मुलाला सांगावे, आणि त्या दिवशी जावे.