वातानुकूलनातील न दिसणारे अंग

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या मंडळाने सभागृह वातानुकूलित करण्याचा संकल्प केला असून त्यासाठी निधीही जमू लागला आहे. या विषयाशी माझा व्यवसायाने संबंध असल्यामुळे दोन शब्द सांगण्याची आज्ञा झाली, ती मी शिरसावंद्य मानतो.

वातानुकूलन म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे यंत्र उभे राहते. विलिस कॅरियर या तरुण अमेरिकन अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतील दमटपणा आवरण्याची योजना आखली, तेव्हापासून कौतुक यंत्राचेच होत आले आहे. परंतु यंत्र थंडावा उत्पन्न करते; तो श्रोत्यांपर्यंत पोचविण्याचे काम पत्र्याच्या वायुवाहिनीचे असते. कारागीर तिला डक्ट म्हणतात. छताआड गेल्यावर ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही, म्हणूनच काटकसरीची पहिली कुऱ्हाड तिच्यावर कोसळते. धरण तुडुंब भरले, पण पाट जागोजागी फुटला असेल, तर टोकाच्या शेताला पाणी कसे मिळावे?

पहिली गोष्ट गळतीची. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याच्या अंदाजाप्रमाणे तेथील सामान्य घरात वाहिन्यांतील २० ते ३० टक्के हवा भोके, फटी व सैल सांधे यांतून वाया जाते. आपण २० टनांचे यंत्र घेतले आणि पंचमांश हवा छताच्या पोकळीत गळली, तर ४ टनांचा थंडावा कोळिष्टकांच्या वाट्याला जाईल. विजेचे बिल मात्र पूर्ण २० टनांचे येईल. सांध्यांवर नुसती चिकटपट्टी लावून भागत नाही. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ साली निरनिराळी साधने तपासली, तेव्हा ‘डक्ट टेप’ या नावानेच विकली जाणारी कापडी पट्टी या कामी कुचकामी ठरली. सांध्यात गॅस्केट व वरून सीलंटचा लेप, हाच खरा उपाय होय.

दुसरी गोष्ट आकाराची. पत्रा वाचविण्यासाठी वाहिनी अरुंद केली की तितकीच हवा अधिक वेगाने न्यावी लागते. वेग दुप्पट झाला की घर्षणामुळे होणारी दाबाची घट सुमारे चौपट होते. पंख्यावर भार पडतो, घोंघाट वाढतो, आणि मागच्या रांगेतील वृद्धांना वक्त्याचे शब्द ऐकू येत नाहीत. काटकोनी वळणांनीही असाच अपाय होतो. वळण गोलाईचे असावे, किंवा त्यात हवेला दिशा देणारी पाती बसवावीत.

तिसरी गोष्ट आवरणाची. वाहिनीतील हवा साधारणपणे १३-१४ अंश सेल्सिअसची असते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात २५ अंशांच्या आसपास थंड असलेल्या वस्तूवरही दव धरते. आवरणात एक फट राहिली तरी पाणी ठिबकते, छत डागाळते आणि बुरशी धरते.

चौथी गोष्ट जीविताची आहे. लास व्हेगास येथील एमजीएम ग्रँड हॉटेलात २१ नोव्हेंबर १९८० रोजी लागलेल्या आगीत ८५ माणसे दगावली. आग खालच्या मजल्यावर होती. बहुतेकांचा बळी वरच्या मजल्यांवर पोचलेल्या धुराने घेतला, आणि धुराच्या अनेक वाटांपैकी एक वाट हवा खेळविणाऱ्या व्यवस्थेची होती. म्हणून अग्निरोधक भिंत ओलांडताना वाहिनीत आपोआप मिटणारी झडप, म्हणजे फायर डँपर, हवीच. जेथे आपली मुलेबाळे एकत्र जमणार, तेथे या झडपेचा खर्च वाचविणे हे पातक होय.

तेव्हा कार्यकारी समितीस माझी नम्र विनंती आहे. केवळ कमी दराच्या निविदेस भुलू नये. पत्र्याची जाडी व सांध्यांची पद्धत भारतीय मानक ६५५ ला धरून करारातच लिहावी. छत बंद होण्यापूर्वी गळतीची दाबचाचणी समितीसमक्ष व्हावी आणि त्यानंतरच अखेरचा हप्ता द्यावा. साफसफाईसाठी जागोजागी लहान दारे ठेवावीत.

देणगीदाराचे नाव यंत्रावर शोभून दिसते. वाहिनीवर कोरलेले नाव कोणीच वाचणार नाही. तरीही या अंगासाठी हात सैल सोडणाऱ्या दात्याचे उपकार प्रत्येक उन्हाळ्यात सभागृहातील शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतील. कोणी निवृत्तिवेतनातून, तर कोणी घरखर्चातून वाचवून दिलेला हा निधी आहे. तो फटींतून गळू न देणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.