पावित्र्य आणि शेताची कड

बायबलाच्या जुन्या करारातील ‘लेवीय’ हे पुस्तक पुष्कळ वाचक अर्ध्यावरच मिटून ठेवतात. कोणते अन्न निषिद्ध, बाळंतीण किती दिवस अशुद्ध, त्वचारोग झालेल्याने वस्तीबाहेर कसे राहावे, अशा नियमांची ती जंत्री वाटते. सोवळ्याओवळ्याचा काच ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तीत जुन्या घराच्याच भिंती दिसाव्यात, हे स्वाभाविक होय.

पंडिता रमाबाईंना मात्र हे पुस्तक मिटून ठेवता येणारे नव्हते. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे कार्य अंगावर घेतले होते. एकविसाव्या अध्यायात, मुख्य याजकाने विधवेशी विवाह करू नये, अशी आज्ञा आहे. १८८२ साली स्वतः विधवा झालेल्या रमाबाईंनी तीही मराठीत उतरविली.

अशा वचनाचे काय करावे? ते गाळणे सोपे, त्यावर मुलामा देणे त्याहून सोपे. तिसरा मार्ग म्हणजे त्याच्या शेजारची वचने वाचणे. त्याच अध्यायात अंध व पंगू याजकाला वेदीजवळ जाण्यास मनाई आहे. पण पवित्र अन्नातील त्याचा वाटा कायम ठेवला आहे. एकोणिसाव्या अध्यायाच्या आरंभी पवित्र होण्याची आज्ञा येते. पुढे लगेच सांगितले आहे की, शेताच्या कडेचे पीक कापू नये, गळलेली कणसे वेचू नयेत. ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावीत. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवू नये. हिब्रूत ‘पवित्र’ आणि ‘शुद्ध’ हे दोन निराळे शब्द आहेत. ‘सोवळे’ या एका शब्दात ते दोन्ही कोंबले की हा भेद हरवतो.

याच कणसांवर रूथ जगली. ती विधवा होती आणि परकीही. मुख्य याजकाच्या घराचे दार तिला बंद होते. शेताची कड मात्र मोकळी होती. दावीद राजा तिचाच पणतू.

१८९६-९७ च्या दुष्काळात जबलपूरसह मध्य प्रांत होरपळला, तेव्हा रमाबाई या प्रांतात आल्या आणि निराधार मुली व विधवा यांना आपल्या आश्रयाला घेऊन गेल्या. केडगावचे मुक्ती सदन अशा स्त्रियांचे घर झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

विधवेला वगळणारे ते वचन त्यात आहे, आणि कणसे राखून ठेवणारेही आहे. पहिल्याचा सल दुसऱ्याने नाहीसा होत नाही. परंतु पावित्र्य म्हणजे काय, हे ज्याला जाणावयाचे आहे, त्याने दोन्ही वाचावीत आणि आपल्या शेताची कड कोणासाठी राखली आहे, हे पाहावे.