गाळा देण्यास हरकत आहे

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून वक्त्यांनी तपासून दिलेले.)



मला फोन आला तेव्हा विषय सुचवला होता, 'निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन'. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं काय विचारणार! पण निवृत्तीनंतर सात वर्षं मी एका छोट्या संस्थेचे हिशेब लिहिले. एचआयव्ही होऊ नये म्हणून काम करणारी संस्था. म्हटलं, त्याबद्दल बोलतो. सेक्रेटरी म्हणाले, "काका, समोर मुलं असतात, जरा जपून." मंडळी, मुलांच्या शाळेच्या पुस्तकात एचआयव्हीचा धडा आहे. अडखळतो ते आपण.

सुरुवात आपल्याच दप्तरातून करतो. २००४ साली रस्त्याकडचा एक गाळा भाड्याने घ्यायला एक संस्था आली होती. मालक तयार होते. देहविक्री करणाऱ्या बायकांसाठी दुपारी बसायची जागा, आठवड्यातून दोनदा डॉक्टर, तपासणी, निरोध, एवढंच त्यांचं काम. आपल्या कमिटीने पत्र दिलं: 'सदर गाळा उपरोक्त प्रयोजनासाठी देण्यास संस्थेची हरकत आहे.' कारण लिहिलं, पार्किंगची गैरसोय. येणाऱ्या बायकांपैकी एकीकडेही गाडी नव्हती. हे पत्र कुणी लिहिलं असेल? मी खजिनदार होतो आणि मसुदा माझा होता. अक्षर चांगलं म्हणून पत्रं माझ्याकडेच यायची.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली होती. १९८६ मध्ये चेन्नईत पहिले रुग्ण सापडले, १९९२ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, जागतिक बँकेचं कर्ज आलं. मी बँकेत बसून हे सगळं पेपरात वाचत होतो. खाली गाळ्याशी त्याचा काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढे एका जुन्या सहकाऱ्याने गळ घातली म्हणून दुसऱ्या एका संस्थेचे हिशेब हातात घेतले आणि पहिल्याच महिन्यात मी चक्रावलो. बँकेत पैसा कुठे जातो ते दिसतं. इथे प्रशिक्षणाला पैसे होते, बॅनरला होते, चहापाण्याला होते. आणि जिच्या जोरावर सगळं चालायचं तिच्या नावापुढचा आकडा सगळ्यांत लहान. तिला 'पिअर' म्हणतात. त्याच धंद्यातली, त्याच गल्लीतली बाई. साठेक बायकांची नावं तिच्याकडे. कोण नवीन आली, कुणाला ताप आहे, कुणाचा मालक मारतो, हे तिला ठाऊक. एका वर्षी पैसे देणाऱ्याकडून हप्ता पाच महिने आला नाही. पगारी माणसं एकेक करून गेली. पिअर बायका येत राहिल्या. व्हाउचरवर सही घेताना मला मान वर करता यायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यांच्याच हातात पैसा दिला तर काय होतं? त्यासाठी तुम्हाला कोलकात्याला नेतो. सोनागाची ही तिथली मोठी वस्ती. १९९२ साली डॉ. स्मरजित जाना तिथे सर्वेक्षणाला गेले. त्यांनी बाहेरचे कार्यकर्ते आणून भाषणं दिली नाहीत, तिथल्याच बायकांना कामाला घेतलं. थोड्याच काळात कळलं की निरोध फुकट वाटून भागत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, नको, जास्त पैसे देतो. आणि बाईच्या डोक्यावर सावकार बसलेला. ज्या बायका निरोधाचा आग्रह धरतात त्यांची कमाई किती घटते, याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी सोनागाचीतच केला. तो २००३ मध्ये छापून आला. घट निम्म्याहून अधिक निघाली. म्हणजे 'नाही' म्हणायला पैसे पडतात. आपल्यापैकी किती जण निम्मा पगार सोडून तब्येत सांभाळतील?

मग त्या बायकांनी काय केलं? सहकारी संस्था काढली. होय, आपल्यासारखीच; भागभांडवल, सभासद, लेखापरीक्षण, सगळं. १९९५ सालची 'उषा' सहकारी संस्था. नोंदणीला अडचण आली ती चारित्र्याची: तिकडच्या सहकार कायद्यात सभासद सच्चारित्र्याचा हवा अशी अट होती. 'गृहिणी' म्हणून नोंदवा, काम होईल, असा सल्ला मिळाला. त्यांनी तो मानला नाही. आपण जे करतो ते लिहूनच नोंदणी पाहिजे, म्हणाल्या, आणि ती मिळवली. उषाने बचत घेतली, कर्जं दिली, सावकाराचा फास सैल केला, निरोधही विकले. बचतखात्याचा आजाराशी संबंध तो हा. बँकेत आयुष्य गेलं, पण पासबुकाचा असा उपयोग मी कधी ऐकला नव्हता.

आपल्याकडेही आहे. सांगली काही लांब नाही. तिथे मीना सेषू यांच्या 'संग्राम'चं काम १९९२ पासून, आणि १९९६ पासून बायकांची स्वतःची संघटना, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. नावातच शब्द उघडा ठेवलाय. त्यांची एक गोष्ट हिशेबनीस म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकन सरकारची मदत घ्यायची तर वेश्याव्यवसायाला आपला विरोध आहे असं धोरण लेखी द्यायचं, असा नियम २००३ च्या कायद्याने आला. वरवर बघता काय बिघडलं सही करायला? पण ज्यांच्या दारात जायचं त्यांच्याच विरोधात सही करून कुठल्या तोंडाने जाणार? २००५ मध्ये 'संग्राम'ने सही नाकारली आणि ते पैसे सोडले. ब्राझील या देशाने त्याच वर्षी त्याच कारणासाठी ४ कोटी डॉलर नाकारले. देशाचं ठीक आहे हो, त्याच्याकडे तिजोरी असते. सांगलीतल्या संस्थेने सोडणं म्हणजे काय, ते मी हप्ता थांबलेला पाहिलाय म्हणून सांगतो.

मोठा पैसा वाईट असं मी म्हणत नाही. २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' कार्यक्रम आला, महाराष्ट्रासह ६ राज्यांत. पहिल्या पाच वर्षांत त्यामुळे सुमारे १ लाख नवीन लागणी टळल्या असा अंदाज २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे तो कार्यक्रम टप्प्याटप्प्याने सरकारकडे गेला. पण टळलेली लागण दिसत नाही, ही या कामाची खरी अडचण. आपण दर सहा महिन्यांनी पाण्याची टाकी धुतो. कावीळ झाली नाही म्हणून कुणी टाकी धुणाऱ्याचा सत्कार केलाय? उलट सभेत विचारतात, एवढा खर्च कशाला. देणगीदारही तसेच. इमारतीवर नावाची पाटी लावायला पैसे मिळतात. खोलीच्या भाड्याला, पिअरच्या बसच्या तिकिटाला, संडास-बाथरूमच्या दुरुस्तीला मागायला गेलं की लोक घड्याळ बघतात. आणि माझ्या अनुभवात केंद्रं बंद पडतात ती भाडं थकलं म्हणून, किंवा आपल्यासारख्यांनी पत्र दिलं म्हणून.

ज्या संस्थेचे हिशेब मी लिहायचो तिला पुन्हा खोली सोडावी लागते आहे. नवीन जागा मिळालीय, आपल्या मागच्या चौकात. अनामत भरायची आहे. खजिनदारांना विचारलं, रौप्यमहोत्सवासाठी सभासदांनी स्वेच्छेने दिलेल्या वर्गणीतून मांडव, जेवण, ही स्मरणिका जाऊन थोडी रक्कम उरेल. ज्यांना आपला वाटा परत हवा त्यांना तो परत द्यावा. उरलेली रक्कम त्या अनामतीसाठी द्यावी. पाटी नको, फोटो नको, अट कुठलीही नको. कुणाला शंका असेल तर त्यांचे सात वर्षांचे ताळेबंद माझ्या कपाटात आहेत, केव्हाही या, चहा मिळेल.

ठराव मी लिहून आणलाय. मसुदा पुन्हा माझाच. सूचक म्हणून माझी सही केली आहे. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत तो सहावा आहे. त्याखाली अनुमोदकाची जागा अजून मोकळी आहे. कागद सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवून जातो.